एर्दाल इनोनू : भौतिकशास्त्राचा प्राध्यापक ते तुर्कस्तानचा मंत्री – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एस्सी.ला गटसिद्धांत (सममितीचा अभ्यास करणारी गणिताची शाखा) शिकताना अनेकांना ‘इनोनू–विग्नर आकुंचन’ ही संज्ञा भेटते, आणि तुर्कस्तानचा आधुनिक इतिहास वाचताना इनोनू हे आडनाव वारंवार समोर येते. या दोन वाटा एकाच माणसापाशी येऊन मिळतात हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येते. त्या माणसाबद्दल नेहमी पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

एर्दाल इनोनू कोण होते?

एर्दाल इनोनू (६ जून १९२६ – ३१ ऑक्टोबर २००७) हे सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. आयुष्याची जवळपास तीन दशके त्यांनी विद्यापीठांत अध्यापन, संशोधन आणि प्रशासन यांत घालवली. वयाच्या ५७व्या वर्षी ते राजकारणात उतरले आणि पुढच्या बारा वर्षांत पक्षाध्यक्ष, खासदार, उपपंतप्रधान, चाळीस दिवसांपुरते काळजीवाहू पंतप्रधान आणि शेवटी परराष्ट्रमंत्री झाले. त्यानंतर ते स्वतःहून बाजूला झाले आणि पुन्हा विज्ञानाकडे वळले. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत बोलका भाग हा परतीचाच आहे, कारण तुर्कस्तानात पद सोडून जाणारे नेते फार विरळ.

मुस्तफा केमाल अतातुर्कांचे सहकारी इस्मेत इनोनू यांच्याशी त्यांचे नाते काय?

एर्दाल हे इस्मेत इनोनू आणि मेव्हिबे यांचे चिरंजीव. इस्मेत पाशांनी १९२१ साली इनोनू या गावाजवळ ग्रीक सैन्याशी दोन लढाया दिल्या, १९२३ साली लोझानच्या तहावर तुर्कस्तानच्या वतीने सही केली आणि १९३८ ते १९५० या काळात ते देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. एर्दाल जन्मले तेव्हा घराला आडनावच नव्हते. तुर्कस्तानात आडनावांचा कायदा १९३४ साली आला आणि अतातुर्कांनी त्या लढायांची आठवण म्हणून इस्मेत यांना ‘इनोनू’ हे आडनाव दिले. म्हणजे मुलगा आठ वर्षांचा झाल्यावर त्याला जे नाव मिळाले, ते एका रणभूमीचे होते.

त्यांचे बालपण अंकाऱ्याच्या चांकाया भागातील ‘पेंबे कोश्क’ या वास्तूत गेले. या नावाचा अर्थ गुलाबी बंगला. ज्या घरात रोज मंत्री, सेनानी आणि परदेशी राजदूत यांची ये-जा होती, त्या घरातील मुलाने समीकरणांची वाट धरावी, याचे त्या काळातही अनेकांना नवल वाटले असणार.

त्यांचे शिक्षण कोठे झाले?

अंकारा विद्यापीठातून १९४७ साली भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले आणि १९५१ साली त्यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच कॅलटेक, येथून डॉक्टरेट मिळवली. मधल्या काळात मायदेशी मोठी उलथापालथ झाली. १४ मे १९५० च्या निवडणुकीत त्यांच्या वडिलांचा पक्ष हरला आणि सत्ता शांतपणे विरोधकांच्या हाती गेली. तुर्की प्रजासत्ताकात मतपेटीतून झालेले ते पहिले सत्तांतर होते. मुलगा त्या वेळी कॅलटेकमध्ये आपल्या प्रबंधावर काम करीत होता.

‘इनोनू–विग्नर आकुंचन’ म्हणजे नेमके काय?

डॉक्टरेटनंतर इनोनू प्रिन्स्टन येथे यूजीन विग्नर यांच्याबरोबर काम करू लागले. विग्नर यांना पुढे १९६३ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या दोघांचा गटांच्या आकुंचनावरील शोधनिबंध १९५३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

ही कल्पना गणित न वापरताही बऱ्यापैकी समजून घेता येते. शेतात उभे राहून दहा पावले उत्तरेला आणि मग दहा पावले पूर्वेला चालावे, किंवा आधी पूर्वेला आणि मग उत्तरेला चालावे. आपण एकाच जागी पोहोचतो, क्रम बदलल्याने काही बिघडत नाही. आता हातात एक मोसंबे घ्या, त्यावर एक ठिपका काढा आणि ते एका अक्षाभोवती पाव फेरी फिरवून मग दुसऱ्या अक्षाभोवती पाव फेरी फिरवा. हाच क्रम उलटा केला, तर ठिपका भलतीकडेच गेलेला दिसतो. सपाट जमिनीवरील हालचालींचे नियम आणि गोलावरील फिरण्याचे नियम असे मुळातच वेगळे आहेत. तरीही शेत ज्या पृथ्वीवर आहे ती गोलच आहे. ती इतकी प्रचंड आहे की, दहा-वीस पावलांच्या हिशेबात तिचा गोलपणा जाणवत नाही. गोलाची त्रिज्या वाढवत वाढवत अनंताकडे नेली, की गोलाचे नियम हळूहळू सपाट पृष्ठभागाच्या नियमांत कसे उतरतात, हे काटेकोर गणिती रीतीने मांडण्याची पद्धत म्हणजे आकुंचन.

भौतिकशास्त्रातील तिचे महत्त्व याहून मोठे आहे. प्रकाशाचा वेग अनंत आहे असे धरले, की आइन्स्टाइन यांच्या सापेक्षता सिद्धांताची सममिती आकुंचन पावून गॅलिलिओ आणि न्यूटन यांच्या यामिकीची सममिती होते. नव्या सिद्धांताच्या पोटात जुना सिद्धांत कोणत्या रूपाने शिल्लक राहतो, याचे हे फार सुंदर उत्तर आहे. हा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा इनोनू अवघे सत्तावीस वर्षांचे होते, आणि त्यांनी पुढे एकही पद भूषवले नसते तरी त्यांचे नाव पाठ्यपुस्तकांत राहिलेच असते.

तुर्कस्तानात परतल्यावर त्यांनी काय केले?

ते अंकारा विद्यापीठात शिकवू लागले. १९६४ पासून दहा वर्षे ते अंकाऱ्यातीलच मिडल ईस्ट टेक्निकल युनिव्हर्सिटीत सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते आणि १९७० ते १९७१ या काळात त्या विद्यापीठाचे रेक्टरही (कुलगुरू) होते. तो काळ फार कठीण होता. विद्यार्थी चळवळी पेटलेल्या होत्या, विद्यापीठाच्या आवारात सैनिक शिरत होते आणि १२ मार्च १९७१ रोजी लष्कराने निवेदन काढून सरकारला पायउतार व्हायला लावले. १९७४ मध्ये ते इस्तंबूलच्या बोआझिची विद्यापीठात गेले आणि राजकारणात येईपर्यंत तेथेच राहिले.

त्यांच्या पिढीच्या आणखी एका कामाचा उल्लेख करायलाच हवा. १९६२ साली इस्तंबूल येथे सैद्धांतिक भौतिकशास्त्राची एक उन्हाळी शाळा भरली. तिचे सूत्रधार होते तुर्की भौतिकशास्त्रज्ञ फेझा ग्युर्से. मूलकणांच्या अभ्यासात गटसिद्धांत कसा वापरायचा हा तिचा विषय होता आणि इनोनूंनी तेथे आकुंचनावर व्याख्याने दिली. परदेशात मिळवलेले ज्ञान परत आणून आपल्याच शहरात त्याचा वर्ग भरवण्याची ही धडपड होती. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या तुबिताक या वैज्ञानिक व तांत्रिक संशोधन मंडळाचा विज्ञान पुरस्कार त्यांना १९७४ साली मिळाला.

मग ते राजकारणात का आले?

याचे उत्तर १२ सप्टेंबर १९८० च्या लष्करी उठावात आहे. लष्कराने संसद बरखास्त केली, १९८१ साली सर्व जुने पक्ष बंद केले आणि १९८२ च्या राज्यघटनेने जुन्या नेत्यांवर दहा वर्षांची राजकारणबंदी घातली. बंद पडलेल्या पक्षांत अतातुर्कांनी स्थापन केलेला आणि इस्मेत इनोनूंनी चौतीस वर्षे चालवलेला सीएचपी, म्हणजे रिपब्लिकन पीपल्स पार्टी, हाही होता. समाजवादी लोकशाहीच्या विचाराच्या कार्यकर्त्यांना आता असा माणूस हवा होता, ज्याच्यावर बंदी नाही, ज्याच्या अंगावर जुन्या भांडणांची धूळ नाही आणि ज्याचे नाव ऐकताच खेड्यातला मतदारही ओळख देईल. असा माणूस त्यांना बोआझिचीच्या भौतिकशास्त्र विभागात सापडला.

६ जून १९८३ रोजी, इनोनूंच्या ५७व्या वाढदिवशी, ‘सोदेप’ (सोशल डेमोक्रसी पार्टी) या पक्षाची स्थापना झाली आणि ते त्याचे अध्यक्ष झाले. लष्करशहांनी मात्र संस्थापकांच्या यादीवर नकाराधिकार वापरला. नाकारलेल्या नावांत इनोनूंचेही होते. नोव्हेंबर १९८३ ची निवडणूक पक्षाला लढवता आली नाही. ज्या सैन्याने त्यांच्या वडिलांना घडवले, त्याच सैन्याने मुलाचे नाव यादीतून खोडले, हा प्रसंग तुर्कस्तानच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने नजरेआड करू नये.

पक्षनेते म्हणून त्यांची कामगिरी कशी होती?

मार्च १९८४ च्या स्थानिक निवडणुकांत सोदेप दुसऱ्या क्रमांकावर आला. १९८५ मध्ये तो दुसऱ्या एका पक्षात विलीन होऊन ‘एसएचपी’ (सोशल डेमोक्रॅटिक पॉप्युलिस्ट पार्टी) हा नवा पक्ष उभा राहिला आणि १९८६ मध्ये इनोनू त्याचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी ते इझमीरच्या पोटनिवडणुकीतून संसदेत पोहोचले.

नोव्हेंबर १९८७ च्या सार्वत्रिक निवडणुकीतील एसएचपीची जाहिरात तुर्कस्तानात आजही आठवली जाते. एका हाताच्या मुठीत लिंबू पिळले जात आहे आणि मतदाराला विचारले जात आहे की, आणखी पाच वर्षे असे पिळून घेणे तुम्हाला सोसवेल का. महागाईने त्रासलेल्या घराघरांत ते चित्र पोहोचले. पक्षाला सुमारे २५ टक्के मते आणि ९९ जागा मिळून तो प्रमुख विरोधी पक्ष झाला. २६ मार्च १९८९ च्या स्थानिक निवडणुकांत तर तो २८.७ टक्के मते घेऊन पहिला आला आणि इस्तंबूल, अंकारा व इझमीर ही तिन्ही मोठी शहरे त्याने जिंकली.

हे यश टिकले नाही. पक्षातच देनिझ बायकाल यांनी १९९० ते १९९२ या काळात अध्यक्षपदासाठी त्यांना वारंवार आव्हान दिले. इनोनू दरवेळी जिंकले, पण या झुंजींत पक्ष दमला. बाहेर ब्युलेंत एजेवित यांचा वेगळा पक्ष त्याच विचाराची मते खात होता. हे तेच एजेवित, ज्यांनी १९७२ साली इस्मेत इनोनूंकडून सीएचपीचे नेतृत्व घेतले होते. ऑक्टोबर १९९१ च्या निवडणुकीत एसएचपी जवळपास २१ टक्के मतांवर येऊन तिसऱ्या क्रमांकावर गेला.

कुर्द प्रश्नाबाबत त्यांची भूमिका काय होती?

येथे त्यांच्या कारकिर्दीची चमक आणि डाग दोन्ही दिसतात. १९८९ साली पॅरिस येथे कुर्द या अल्पसंख्याक समाजाच्या प्रश्नावर भरलेल्या परिषदेला गेलेल्या सात खासदारांना त्यांच्याच पक्षाने काढून टाकले. या घटनेतून पुढे कुर्दांचा स्वतंत्र पक्ष जन्माला आला. मात्र १९९१ मध्ये इनोनूंनी त्याच पक्षाच्या उमेदवारांना आपल्या यादीत जागा दिली आणि ते संसदेत निवडून आले. राष्ट्रीय पातळीवर दहा टक्के मते मिळाल्याशिवाय संसदेत प्रवेश नाही, असा नियम त्या काळी असलेल्या देशात हे धाडस होते. शपथविधीत त्यांच्यापैकीच एक खासदार लेयला झाना यांनी एक वाक्य कुर्द भाषेत उच्चारले, तेव्हा सभागृहात गदारोळ झाला आणि त्याची किंमत एसएचपीलाही मोजावी लागली. तरीही १९८९ मधील चूक दोन वर्षांत सुधारण्याचा प्रयत्न करणे याला मी कमी लेखणार नाही.

मंत्रिपद त्यांना केव्हा मिळाले आणि त्यांनी काय काम केले?

नोव्हेंबर १९९१ मध्ये सुलेमान देमिरेल यांचा उजव्या विचारांचा ‘दोरू योल’ पक्ष आणि एसएचपी यांचे आघाडी सरकार बनले. देमिरेल पंतप्रधान आणि इनोनू उपपंतप्रधान झाले. या दोन परंपरांचे वैर चाळीस वर्षांचे होते. १९५० साली इस्मेत पाशांचा पराभव करणाऱ्या पक्षाचा वारसा देमिरेल सांगत होते. आता त्या दोन्ही बाजू एकाच मेजाभोवती बसल्या. आघाडी सरकारांचा अनुभव असलेल्या मराठी वाचकाला यातील ओढाताण वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

या आघाडीच्या काळात फौजदारी प्रक्रियेत आरोपींच्या हक्कांना बळ देणारी सुधारणा झाली, राज्यघटना बदलून रेडिओ-दूरचित्रवाणीवरील सरकारी मक्तेदारी संपवण्यात आली आणि १९८१ साली बंद केलेल्या पक्षांना पुन्हा उघडण्याची मुभा मिळाली. या शेवटच्या कायद्याचा फटका खुद्द इनोनूंना बसला. सप्टेंबर १९९२ मध्ये बायकाल यांच्या नेतृत्वाखाली सीएचपी पुन्हा सुरू झाला आणि एसएचपीचे अनेक खासदार तिकडे गेले. वडिलांचा पक्ष परत आला, पण तो मुलाच्या पक्षासमोर प्रतिस्पर्धी म्हणून उभा राहिला.

विज्ञानाच्या क्षेत्रात त्यांच्या मंत्रिपदाचा ठसा अधिक स्वच्छ आहे. ते उपपंतप्रधान असताना, फेब्रुवारी १९९३ मध्ये, विज्ञान व तंत्रज्ञानाच्या सर्वोच्च परिषदेने १९९३ ते २००३ या दशकासाठी धोरण मंजूर केले आणि त्याच वर्षी तुर्की विज्ञान अकादमीची स्थापना झाली.

ते पंतप्रधान झाले होते का?

होय, पण काळजीवाहू म्हणून. १७ एप्रिल १९९३ रोजी राष्ट्राध्यक्ष तुर्गुत ओझाल यांचे निधन झाले आणि १६ मे रोजी देमिरेल त्या पदावर निवडून आले. पंतप्रधानपद रिकामे झाल्यामुळे २५ जूनपर्यंत इनोनूंनी ते सांभाळले. कायमचे पंतप्रधानपद आघाडीतील मोठ्या पक्षाच्या नव्या नेत्याकडे जाणार होते आणि त्या पक्षाने तान्सू चिल्लेर यांना निवडले.

चिल्लेर या अर्थशास्त्राच्या प्राध्यापक आणि तुर्कस्तानच्या पहिल्या महिला पंतप्रधान. त्याही बोआझिची विद्यापीठाच्याच. म्हणजे जून १९९३ मध्ये एका विद्यापीठाच्या एका प्राध्यापकाने सरकारची सूत्रे त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या प्राध्यापकाच्या हाती दिली. असे दृश्य जगात कोठेही क्वचितच पाहायला मिळेल.

सिवास येथील हत्याकांडाबाबत त्यांच्यावर टीका का होते?

२ जुलै १९९३ रोजी सिवास शहरात एका सांस्कृतिक महोत्सवासाठी आलेले लेखक, कवी आणि गायक ज्या मादिमाक हॉटेलात उतरले होते, त्याला जमावाने कित्येक तास वेढा घातला आणि शेवटी आग लावली. ३३ पाहुणे आणि हॉटेलचे २ कर्मचारी मृत्युमुखी पडले. मृतांपैकी बरेचसे अलेवी या इस्लाममधील अल्पसंख्य पंथाचे होते. सरकारला स्थापन होऊन जेमतेम एक आठवडा झाला होता आणि इनोनू उपपंतप्रधान होते. अलेवी समाज हा त्यांच्या पक्षाचा मोठा आधार होता. इतक्या तासांत पुरेशी मदत का पोहोचली नाही, हा प्रश्न त्या समाजाने त्यांना विचारला आणि तो विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. इनोनूंबद्दल मला मनापासून आदर आहे; तरीही सौम्य स्वभावाच्या माणसाने सत्तेचा बडगा वेळेवर उगारला नाही तर त्याची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागते, हे त्या दिवशी दिसले.

त्यांनी पक्षाध्यक्षपद का सोडले?

जून १९९३ मध्येच त्यांनी जाहीर केले होते की, पुढच्या अधिवेशनात आपण उमेदवार असणार नाही. सप्टेंबरमध्ये अंकाऱ्याचे महापौर मुरात कारायाल्चिन नवे अध्यक्ष झाले. इनोनूंना कोणी पराभूत केले नव्हते. वर्ष संपले की वर्ग दुसऱ्या शिक्षकाच्या हाती द्यायचा, ही प्राध्यापकाची सवय त्यांनी राजकारणात आणली असे मला वाटते. त्यांच्या अनेक समर्थकांना हे पटले नाही. ज्या वेळी पक्षाला खंबीर हाताची गरज होती, त्याच वेळी ते गेले, ही त्यांची तक्रार अगदीच निराधार नाही. पुढच्या दीड वर्षात एसएचपी खचत गेला आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये सीएचपीत विलीन झाला.

परराष्ट्रमंत्री म्हणून त्यांचा काळ कसा होता?

तो छोटा होता आणि खडतर होता. २७ मार्च १९९५ रोजी त्यांनी पदभार घेतला तेव्हा तुर्की सैन्य उत्तर इराकमध्ये मोठी मोहीम चालवत होते आणि युरोपातील राजधान्यांतून तिच्यावर टीका होत होती. युरोपीय संघाशी सीमाशुल्क संघटनेचा करार त्याच महिन्यात झाला होता, पण त्याला युरोपीय संसदेची संमती मिळायची होती. म्हणजे ज्यांच्याकडून टीका येत होती, त्यांचीच मते हवी होती. जूनमध्ये एजियन समुद्रातील सागरी हद्दीवरून ग्रीसबरोबरचा ताण वाढला, जुलैमध्ये बोस्नियातील स्रेब्रेनित्सा येथे नरसंहार झाला. सप्टेंबरमध्ये बायकाल विलीन झालेल्या सीएचपीचे अध्यक्ष झाले, आघाडी कोसळली आणि ऑक्टोबर १९९५ च्या सुरुवातीस इनोनूंनी मंत्रालय सोडले. डिसेंबरच्या निवडणुकीत ते उभे राहिले नाहीत.

तुर्कस्तानात प्राध्यापक मंत्री होण्याची परंपरा आहे का?

आहे. साहित्य आणि इतिहासाचे नामवंत अभ्यासक फुआत क्योप्रुल्यू १९५० मध्ये परराष्ट्रमंत्री झाले. इस्मेत इनोनूंना हरवणाऱ्या सरकारात. आंतरराष्ट्रीय संबंधांचे प्राध्यापक अहमेत दावुतोग्लू २००९ मध्ये परराष्ट्रमंत्री आणि २०१४ मध्ये पंतप्रधान झाले. क्योप्रुल्यू, दावुतोग्लू आणि चिल्लेर यांचे विषय राज्यकारभाराच्या जवळचे होते. इनोनूंच्या समीकरणांचा मंत्रालयातील फायलींशी काडीचाही संबंध नव्हता.

राजकारण सोडल्यावर ते काय करीत होते?

ते विज्ञानाकडे परतले. तुर्कस्तानातील विज्ञानाचा इतिहास हा त्यांचा पुढचा विषय झाला. इस्तंबूलच्या साबांजी विद्यापीठाशी त्यांचा संबंध होता. त्यांनी आपल्या आठवणीही अनेक खंडांत लिहिल्या. २००४ साली, शोधनिबंधाला अर्धशतक उलटून गेल्यावर, गटसिद्धांतातील मूलभूत कार्यासाठी दिले जाणारे विग्नर पदक त्यांना मिळाले. ज्या गुरूंबरोबर तरुणपणी काम केले, त्यांच्याच नावाचे हे पदक.

रक्ताच्या कर्करोगावर उपचार सुरू असताना अमेरिकेतील ह्यूस्टन येथे ३१ ऑक्टोबर २००७ रोजी त्यांचे निधन झाले. अंकाऱ्यात सरकारी इतमामात निरोप दिल्यानंतर इस्तंबूलच्या झिंजिरलिकुयू कबरस्तानात त्यांचा दफनविधी झाला.